सुकामेव्याच्या डब्यातून राजवाडा: दोन महिन्यांच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

पुण्याहून आत्याचा फोन. नव्या फ्लॅटमध्ये पलंगासमोरची भिंत मोकळी आहे, तिथे इंदूरचा राजवाडा लावायचाय. "पण माणसं नकोत त्यात. आम्ही बोहरा बाजारात राहायचो ना, तेव्हा पहाटे दादाचा हात धरून दूध आणायला निघायचे मी. तसा रिकामा." दादा म्हणजे माझे बाबा.

हार्डडिस्क उघडली. सहा वर्षांत राजवाड्याचे ३,४०० फोटो निघाले. दोन तास चाळले, रिकामा एकही नाही. ई-रिक्षा, फुगेवाला, सेल्फी काढणारी जोडपी, वाकडा लावलेला बॅरिकेड. मागच्या वर्षी पहाटे पाचला गेले होते तेव्हाचेही आहेत. त्यात झाडलोट करणारी गाडी आणि दर्शनाला निघालेली अख्खी बस. हे शहर रात्री धुतलं जातं, त्यामुळे रात्रही रिकामी नसते.

संध्याकाळी तिपाई घेऊन गेले. दर दहा सेकंदांनी एक असे ३० फोटो काढले, संगणकावर एकावर एक चढवून मीडियन काढला. प्रत्येक बिंदूपाशी जे जास्त वेळ दिसलं तेच उरतं आणि चालती माणसं गळून पडतात. तासाभरात राजवाडा रिकामा. म्हणजे आत्याचं काम पहिल्याच दिवशी झालं, हे आधी लिहून ठेवते. पुढचं सगळं माझ्या हौसेचं.

हौस कशाला, तर तो फोटो पाहून मला काहीच वाटलं नाही. गेलं वर्षभर असंच चाललंय. चौकात उभी राहते, जे दिसतं ते आधीच काढलेलं असतं, कॅमेरा पिशवीत ठेवून पोहे खाऊन घरी येते.

५ फेब्रुवारी

दीनदयाळांबद्दल वाचत होते. पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ. ते १८६६ साली इंदूरला आले ते सार्वजनिक बांधकाम खात्यात, नकाशे आणि खर्चाचे अंदाजपत्रक करणारे म्हणून. कॅमेरा हातात आला तो त्यानंतर सातआठ वर्षांनी, इथेच. तुकोजीराव होळकरांनी उत्तेजन दिलं. काम काचेच्या प्लेटवर. एक प्लेट, एक चित्र. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. म्हणजे तिथे जपलेला हा सगळा साठा माझ्या एका राजवाड्याच्या फोल्डरपेक्षा लहान.

काच जमणार नाही. पण फोटोचा कागद, पत्र्याचा डबा आणि सुईचं भोक जमेल. पिनहोल. भोक इतकं बारीक असतं की एका चित्राला मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात चालणारा माणूस कागदावर उमटतच नाही. आत्याला हवं तेच, पण संगणकाशिवाय.

दिवाळीत आलेला सुकामेव्याचा चौकोनी डबा आहे. खोली ९ सेंटीमीटर, तळाला ५ बाय ७ इंचाचा कागद सपाट बसतो. कागदाचं २५ चं पाकीट मागवलं, कुरियरसह १,८५०. डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) आणि फिक्सर (ते पक्कं करणारं) मिळून १,२४०.

९ फेब्रुवारी

भोक. कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा कापला, पुठ्ठ्यावर ठेवून सुईने टोचला, मागे आलेली कड झिरो नंबरच्या पॉलिशपेपरने घासली. मोजायचं कसं? स्कॅनरवर २,४०० डीपीआयला स्कॅन करून पिक्सेल मोजायचे. ९ सेंटीमीटर अंतराला सुमारे ०.४२ मिलिमीटरचं भोक लागतं, म्हणजे ४० पिक्सेल. माझं पहिलं आलं ६६. दुसरं लांबुळकं. तिसऱ्यात सुई आरपार घातली, तिथेच चुकले. फक्त टोक टेकवायचं, किंचित फिरवायचं, घासायचं, परत टेकवायचं. सातवं ४१ पिक्सेल आलं आणि गोल आलं. अख्खा रविवार भोकात गेला.

डब्याच्या तळाला बाहेरून पाव इंची नट एम-सीलने चिकटवला, तिपाईवर बसवायला. त्याचे ४० रुपये.

१२ फेब्रुवारी

बाथरूमची डार्करूम केली. खिडकीला काळा चार्टपेपर, दाराच्या फटीत टॉवेल. बाजारातून लाल झिरोचा बल्ब आणला, ६० रुपये. पहिला कागद डेव्हलपरमध्ये टाकला आणि तो चाळीस सेकंदांत अख्खा राखाडी झाला. दुसरा तसाच. तिसरा तर डब्यात घातलाही नव्हता, नुसता पाकिटातून काढून बुडवला. तोही राखाडी.

खाली राहणाऱ्या नानांना विचारलं. नाना तीसेक वर्षं एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये होते. वर आले, बल्ब पाहिला आणि हसले. "हा तर लग्नाच्या मांडवातला. वरून लाल रंग फासलाय, आतून पांढरा उजेड गळून राहिलाय." मग परीक्षा शिकवली. कागदाच्या तुकड्यावर नाणं ठेवायचं, लाल दिव्याखाली पाच मिनिटं सोडायचं, मग धुवायचं. नाण्याचा गोल दिसला तर दिवा खोटा. माझ्या बल्बखाली दोन रुपयाचं नाणं छापल्यासारखं आलं.

उपाय: सायकलच्या मागे लावतात तो लाल एलईडी, १५० रुपये. त्याखाली नाणं दिसलं नाही. हे आधी केलं असतं तर तीन कागद आणि एक संध्याकाळ वाचली असती.

नानांनी जुने तीन ट्रे आणि दोन चिमटेही दिले. आणि सांगितलं, "चिमटे बदलू नको. हायपोचा चिमटा डेव्हलपरमध्ये गेला की संपलं." हायपो म्हणजे फिक्सर, नाना अजून हायपोच म्हणतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

राजवाड्यासमोर, सकाळी साडेआठ. वेळेचा हिशोब असा: कागदाचा आयएसओ, म्हणजे उजेड धरायची ताकद, साधारण ६ धरायचा. फोनच्या उजेड मोजणाऱ्या मीटर-ॲपमध्ये एफ १६ ला (हे लेन्सच्या भोकाचं माप) जेवढे सेकंद दाखवेल त्याला १८० ने गुणायचं. कडक उन्हात ते ३० सेकंद येतं.

तीन कागद नेले होते, प्रत्येकाला घरी यावं लागलं. डब्यात एकावेळी एकच कागद मावतो आणि बदलायला अंधार लागतो. रामबाग ते राजवाडा तीन फेऱ्या, स्कूटरवर.

एक: पूर्ण कोरा. कागद पालथा घातला होता. अंधारात कळत नाही. नानांची युक्ती: ओठाला कोपरा लावायचा, चिकटतो ती बाजू भोकाकडे.
दोन: मधोमध काळा झोत. डब्याचं आतलं पत्र्याचं अंग चकाकतं, ते काळं करायचं राहिलंच होतं.
तीन: झोत आहे, पण झोताच्या मागे राजवाडा आहे. उलटा, काळ्याचा पांढरा झालेला, धुकट. सात मजले मोजता येतात. खालचे तीन दगडी मजले फिके आणि वरचे चार लाकडी मजले गडद, हा फरकसुद्धा आलाय.

आईने बाथरूमचं दार वाजवलं. "बाई, आंघोळी व्हायच्यात घरच्यांच्या!" ओला कागद हातात धरून तशीच बाहेर आले आणि लाल दिव्यात पाकीट उघडं राहिलं. दार उघडल्यावर काय झालं ते सांगायला नको. उरलेल्यांपैकी वरचे दोन कागद गेले.

१८ फेब्रुवारी

फळ्याचा काळा रंग आतून दोन हात. झाकणाच्या कडेला काळी चिकटपट्टी दुहेरी. रंग, पट्टी, पॉलिशपेपर मिळून ३१०. उन्हात झाकण बंद करून दहा मिनिटं ठेवून कागद धुतला: पांढराशुभ्र. डबा आता पक्का.

२३ फेब्रुवारी, रविवार

एकही चित्र नाही आज.

काळा रंगवलेला, चिकटपट्टी गुंडाळलेला डबा तिपाईवर ठेवून मी पाच पावलं मागे सावलीत उभी. गर्दीच्या चौकात असा डबा कसा दिसतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शिपाईभाऊ आले. "मैडम, ये डब्बा किसका है?" माझा. "इसमें क्या है?" काहीच नाही, एक कागद आहे. हे उत्तर देऊ नये. "खोलो." खोलला तर कागद जाईल, हे समजावत बसले आणि त्यातच दहा मिनिटं गेली. शेवटी उघडला. गेला कागद. त्यांनी आत वाकून पाहिलं, भोकाकडे बोट केलं, "इससे फोटू आती है?" मग त्यांच्या फोनवर मागच्या रविवारचा तिसरा फोटो पाठवला तेव्हा म्हणाले, "सही है," आणि निघून गेले. बरोबरच वागले ते. चूक माझी.

पुढच्यांसाठी: डब्यावर मोठ्या अक्षरात "कॅमेरा" लिहा, जवळच उभे राहा, आणि धुतलेला एक फोटो खिशात ठेवा. मी पांढऱ्या रंगाने हिंदीत लिहिलं. त्यानंतर त्रास एवढाच की येणारा प्रत्येकजण थांबून विचारतो. डबा घेऊन उभी राहिले की मी चौकातल्या किती लोकांशी बोलते! सहा वर्षं डिजिटल कॅमेरा घेऊन फिरताना एकाशीही बोलले नव्हते.

२ मार्च, रविवार

जमलं, आणि चौक पुरता रिकामा नाही झाला.

मधल्या आठवड्यात दोन अडचणी होत्या. एक, आकाश आणि दगड यांत मधलं काही राहतच नव्हतं. पांढरं नाहीतर काळं. या कागदाला निळा-हिरवा उजेडच दिसतो आणि निळ्यात त्याचा कॉन्ट्रास्ट चढतो. दोन, उन्हात ३० सेकंदच मिळत होते, तेवढ्यात माणसं नीट पुसली जात नव्हती, वाफेसारखी राहायची. दोन्हीवर एकच औषध निघालं: भोकासमोर पिवळा जिलेटीन कागद. दहा रुपयांचा. कॉन्ट्रास्ट उतरला आणि वेळ ३० सेकंदांवरून दोन मिनिटांवर गेली. एक मिनिटाच्या वर कागद आळसावतो, उजेड हळू धरतो, म्हणून मी साडेतीन दिली.

त्या साडेतीन मिनिटांत समोरून किती माणसं गेली ते मोजायला बसले आणि दोनशेनंतर सोडून दिलं. चित्रात त्यातलं एकही नाही. आहेत ते फक्त दोघं, कोपऱ्यात बाकापाशी: कान साफ करणारा आणि त्याच्यापुढे मान कलती करून बसलेलं गिऱ्हाईक. कानात सळई असताना कोण हलेल?

सुरुवातीच्या काळातला फ्रेंच छायाचित्रकार दागेर, त्याचा पॅरिसमधला १८३८ सालचा रस्त्याचा फोटो असाच आहे. गजबजलेला रस्ता, पण उमटला फक्त बूट पॉलिश करून घेणारा आणि पॉलिश करणारा. तो फोटो पुस्तकात कितीदा पाहिला असेन. आपल्या राजवाड्यावर तसा कानसाफवाला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. रात्री साडेअकरापर्यंत तो ओला कागद बघत बसले होते.

आणखी एक लक्षात आलं. लाल रंग या कागदाला काळाच. लाल साडी नेसलेली बाई तेवढ्याच वेळ थांबली तरी विरघळते, पांढरा सदरा मात्र पुसट डाग सोडून जातो.

पहिलं पाकीट संपलं. दुसरं मागवलं, पुन्हा १,८५०.

८ मार्च

कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं. कान्ह नदीच्या काठी, राजवाड्यापासून चालत. इथे गर्दीचा प्रश्नच नाही; प्रश्न सावलीचा. खांबांच्या आतल्या बाजूला मीटर १४ मिनिटं म्हणत होतं, मी २५ दिली. कोरीव काम सुरेख आलं. चारही कोपरे अंधारले कारण डबा उथळ आणि कागद रुंद, कडेला उजेड पाव भागच पोचतो. इथे ते शोभलं. वासाचं काय सांगू, २५ मिनिटं नाकाला रुमाल.

गांधी हॉलचाही एक काढला. १९०४ ची इमारत, समोरून रहदारी अखंड. रहदारी गायब, पण दारात उभी केलेली एक पांढरी कार अशी ठाम बसलीय की इमारत तिच्यामागे लपलीय. टाकून दिला.

१२ मार्च, रात्री

सराफा. दागिन्यांची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याच्या गाड्या लागतात. ओळखीच्या एका दुकानाच्या वरच्या गॅलरीत डबा ठेवायची परवानगी मिळाली. पिवळा कागद काढला. साडेनऊला उघडला, पावणेबाराला बंद केला. मधल्या वेळात भुट्ट्याचा कीस, मोसमातले शेवटचे गराडू (तळलेला कंद) आणि परत कीस. हा खर्च हिशोबात धरलेला नाही.

आलं काय? पिवळे बल्ब जवळजवळ नाहीतच, पांढरे एलईडी मात्र भगभगीत गोळे झालेत. गल्ली ओस. पण एका कढईमागे धुरासारखा एक उभा आकार आहे: खांदे आहेत, डोकं आहे, हात नाहीत. सव्वादोन तास तो एकाच जागी उभा होता आणि हात एक क्षण थांबले नव्हते, म्हणून हात उमटले नाहीत. खाली उतरून त्यांना फोनवर दाखवला. त्यांनी पाहिला, झारा तसाच हातात, आणि म्हणाले, "भिया लोग बोलते हैं मैं दिखता नहीं, देख लो, मैं ही दिख रिया हूँ."

मी याआधी सराफ्यात रात्रीच्या रात्री काढल्यात. सगळे फोटो ताटलीचे.

१९ मार्च, रंगपंचमी

गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक. सकाळपासून रस्ता लोकांनी भरलेला, दुकानांवर ताडपत्र्या. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून, डबा प्लास्टिकच्या पिशवीत, भोकापुरती खिडकी कापलेली. चार कागद चार वेगवेगळ्या डब्यांत नेले होते, आदल्या रात्री आणखी तीन डबे बनवले. फरसाणाचे, आईला न विचारता. बारीक टोचण्याचा हात आता बसलाय, तिन्ही भोकं मिळून दीड तास लागला.

पहिले दोन: पाण्याच्या तोफेचा थेंब थेट भोकावर. अर्धं चित्र गढूळ पाण्यात पाहिल्यासारखं. तिसऱ्याचं झाकण गुलालाने चिकटलं, उघडलंच नाही. चौथा चार मिनिटांचा. हजारो माणसं होती खाली, चित्रात रस्ता नुसता करडा आहे, पीठ सांडल्यासारखा. वर मात्र पांढऱ्या आकाशात काळे ढग. तो गुलाल. लाल म्हणून कागदाने काळा धरला. नाना बघत राहिले आणि म्हणाले, "पाऊस येणार वाटतं."

२३ मार्च, रविवार

छाप. निगेटिव्ह आणि नवा कागद तोंडाला तोंड लावून काचेखाली दाबायचे, वरून बल्ब चार सेकंद. पाच छाप केले. आकाशाच्या भागात कागदाच्या पाठीवरचं कंपनीचं फिकट नाव ओळीने उमटलं. पाठीमागे काही छापलेलं नसेल असाच कागद घ्या, पाकीट फोडण्याआधी विचारून. मी बाकीचे स्कॅन करून संगणकावर काळ्याचं पांढरं केलं.

उकाडा सुरू झालाय. फेब्रुवारीत नळाचं पाणी इतकं गार होतं की डेव्हलपरला दोन मिनिटं लागायची. आता चाळीस सेकंदांत कागद काळा होतो आणि मी घाबरून लवकर उचलते, मग डाग पडतात. ट्रे थंड पाण्याच्या परातीत ठेवा.

३० मार्च, गुढीपाडवा

आत्या आली. श्रीखंडानंतर नऊ चित्रं सतरंजीवर मांडली. संगणकावरचं ३० फोटोंचंही ठेवलं होतं, न सांगता.

तिने तेच उचललं. "हे स्पष्ट आहे. चष्म्याशिवाय दिसतं." संपलं.

मग चहा घेताना राजवाड्याचं दुसरं एक हातात घेतलं, कानसाफवाल्याचं. बराच वेळ पाहिलं. "हे उलटं आहे."

म्हटलं, कसं उलटं? दार मधोमध आहे, दोन्हीकडे सारखंच आहे.

"अगं, गोपाळ मंदिराची गल्ली या हाताला कशी येईल? दादाने माझा हा हात धरलेला असायचा," आणि तिने डावा हात वर केला, "आणि गल्ली लागली की या हाताला ओढायचा."

बाबांनी चित्र पाहिलं, आपला उजवा हात पाहिला, आणि मान हलवली.

तिचं खरं होतं. कागदाची निगेटिव्ह आरशासारखी येते. तोंडाला तोंड लावून छापलं की आपोआप सुलट होते. स्कॅन केलेल्या मी फक्त काळ्याच्या पांढऱ्या केल्या, डावं-उजवं फिरवायचं विसरले. दर्शनी भाग दोन्हीकडे सारखा, पाट्या इतक्या धुकट की अक्षर लागत नाही, त्यामुळे मला महिनाभर कळलंच नाही. स्कॅनचे चारही उलटे. छत्र्याही.

एकूण खर्च ५,५१०. कागद ५०. ठेवण्याजोगी चित्रं नऊ, त्यातली चार आज रात्री फिरवायची आहेत. चार कागद शिल्लक. आत्या परवा पुण्याला निघेल. उद्या पहाटे साडेपाचला तिला आणि बाबांना घेऊन राजवाड्यावर जायचं ठरलंय. त्या उजेडात २० मिनिटं तरी लागतील. दोघांनी हलायचं नाही असं सांगितलंय, आत्या म्हणाली, खुर्ची आण.